आकाशमार्गी रुग्णवाहिका : एक इतिहास

या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला इतिहासाच्या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या काही मित्रांना नवल वाटले. आम्ही युनियनचे काम करणारे. आमचे शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर, जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांतून आणि कामगार कायद्याच्या कलमांतून. तथापि इतिहास हा केवळ राजेरजवाड्यांचा असतो असे आम्ही मानीत नाही. आपण रोज पाहतो त्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि माणसाच्या जिवाची किंमत कोणी, केव्हा आणि किती ठरविली, याचा हिशेब पुष्कळदा त्यातच सापडतो. आज आम्ही हेलिकॉप्टरचा इतिहास सांगणार आहोत. मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरचा नव्हे, आणि लग्नात नवरदेवाला आणणाऱ्या हेलिकॉप्टरचाही नव्हे. तर अत्यवस्थ रोगी आणि जखमी माणूस उचलून इस्पितळात पोचविणाऱ्या हेलिकॉप्टरचा.

मंद्रूपसारख्या गावी हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, मंद्रूपच्या लोकांनी नकाशा पुढे घेऊन पाहावे. सोलापूर-विजापूर रस्ता, म्हणजे आजचा 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आपल्या दारावरून जातो आणि त्यावर रात्रंदिवस अवजड वाहने धावतात. मोठे सरकारी इस्पितळ सोलापुरात, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. एरवी हे अंतर काहीच नव्हे. परंतु आपल्या आणि सोलापूरच्या मध्ये सीना वाहते, आणि दक्षिणेला टाकळीपाशी भीमा वाहते. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, वडकबाळजवळ पाणी चढले आणि हा महामार्ग काही काळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी एखाद्याच्या छातीत कळ आली किंवा एखादी बाई अडली, तर पंचवीस किलोमीटरचा हिशेब काय कामाचा? त्याच पुरात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात, पाण्याने वेढलेली माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढण्यात आली. तेव्हा हा विषय आपल्या शिवेवर येऊन ठेपलेला आहे.

आता मुळापासून सुरुवात करू. लक्ष्मण शक्ती लागून पडला तेव्हा सुषेण वैद्याने औषध सांगितले आणि सूर्योदयाची मुदत घातली; मारुतीने द्रोणागिरीच उचलून आणला. ही पुराणकथा आहे, इतिहास नव्हे. पण जखमी माणसाच्या बाबतीत औषध जितके महत्त्वाचे तितकीच वेळही महत्त्वाची, ही जाण आपल्या लोकांना किती जुनी आहे, हे तीवरून दिसते. इतिहासात मात्र ही जाण व्यवहारात यावयास अठराव्या शतकाची अखेर उजाडली. त्यापूर्वी युरोपातील सैन्यांत चाल अशी होती की, लढाई संपेपर्यंत जखमींनी जागीच पडून राहावे. जखमींच्या गाड्या मैलोगणती मागे उभ्या असत. त्या पुढे येईपर्यंत पुष्कळ लोक रक्तस्रावाने संपलेले असत.

फ्रेंच सैन्यात दोमिनिक लॅरे नावाचा शस्त्रवैद्य होता. पुढे तो नेपोलियनचा विश्वासू वैद्य म्हणून प्रसिद्धीस आला. 1792 च्या सुमारास त्याने पाहिले की, हलक्या तोफा घोड्यांच्या जोरावर रणांगणात वाटेल तिकडे धावतात. तोफ धावते, तर वैद्य का धावू नये? या प्रश्नातून त्याने हलक्या घोडागाड्या तयार करविल्या आणि त्यांना ‘उडत्या रुग्णवाहिका’ असे नाव दिले. त्या उडत नव्हत्या, जमिनीवरूनच धावत. परंतु नाव पडले ते असे. लॅरेने दुसरीही एक गोष्ट केली. ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी हात लावावयाचा, मग तो सेनापती असो वा साधा शिपाई. हुद्दा पाहावयाचा नाही, असा नियम त्याने घातला.

म्हणजे या माणसाने जगाला दोन नियम दिले. पहिला वेगाचा आणि दुसरा समतेचा. पुढच्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास पाहता आम्हाला असे दिसते की, पहिला नियम जगाने फार झपाट्याने अंगीकारला. घोड्याच्या जागी मोटार आली, मोटारीच्या जागी विमान आले, विमानाच्या जागी हेलिकॉप्टर आले. दुसरा नियम मात्र प्रत्येक वेळी मागाहून आला, आणि तोही कोणी तरी भांडले तेव्हा आला. आमच्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगावयाचे ते त्याचे दाखले होत.

यात एक दाखला आपल्या सोलापूरचाच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. 1938 साली काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविले, त्यातील पाच डॉक्टरांपैकी ते एक. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यांत होते. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैन्यात, डोंगराळ मुलखात, इस्पितळापर्यंत जखमी पोचणार नाही हे गृहीत धरूनच काम करावे लागे. म्हणून शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून डॉक्टरच जखमींच्या मागे फिरत. ही पद्धत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे बसविली होती. त्यांच्या नावाने निघालेल्या इस्पितळाचे पहिले संचालक कोटणीस झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारले. कोटणिसांना हेलिकॉप्टर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु आज हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर बसवून जखमीकडे धाडतात, त्यामागचे तत्त्व आपल्या गावच्या या मुलाने खेचरांच्या वाटेवर आचरून दाखविले होते.

हेलिकॉप्टरने जखमी उचलण्याची पहिली घटना घडली ती 1944 च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशात. जपानी फळीच्या मागे शिरलेल्या चिंडिट सैन्यातील तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना घेऊन एक लहान अमेरिकन विमान निघाले होते. ते शत्रूच्या मुलखातच खाली उतरवावे लागले. आसामातील लालाघाटच्या तळावर अमेरिकन विमानदलाची नवीच आलेली सिकोर्स्की जातीची हेलिकॉप्टरे होती. कार्टर हार्मन नावाचा तरुण लेफ्टनंट त्यांतील एक घेऊन निघाला. ते यंत्र इतके अशक्त होते की, वैमानिकाखेरीज एकच माणूस त्यात मावे आणि उन्हाने इंजिन तापले की थांबावे लागे. हार्मनने 25 आणि 26 एप्रिल या दोन दिवसांत चार खेपा करून तिघे जखमी आणि त्यांचा वैमानिक असे चौघेही सोडवून आणले. ही घटना हिंदुस्थानच्या वेशीवर, हिंदुस्थानातील तळावरून घडली, हे आमच्या वाचनात आले तेव्हा आम्हाला मोठे आश्चर्य वाटले होते.

त्यानंतर सहाच वर्षांनी कोरियाचे युद्ध सुरू झाले. तेथे लहान बेल हेलिकॉप्टरांच्या दोन्ही बाजूंना डोल्या बांधून हजारो जखमींना फिरत्या शस्त्रक्रिया इस्पितळांत आणण्यात आले. त्या युद्धात भारताने लढाऊ सैन्य धाडले नाही. धाडले ते लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालचे 60 वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक. 1950 च्या डिसेंबरात प्योंगयांगहून माघार घ्यावी लागली, तेव्हा इस्पितळाचे सामान टाकून निघण्याऐवजी या पथकातील लोकांनी एक आगगाडीचे इंजिन मिळविले, स्वतः कोळसा-पाणी घालून ते चालविले आणि सर्व सामान बाहेर काढले. यंत्र कोणतेही असो, ते चालविणाऱ्या हातांवर सर्व काही अवलंबून असते, हे आम्हा कामगारांना वेगळे सांगावयास नको.

येथवरचा इतिहास सैनिकांचा झाला. सैनिकाच्या जिवाची किंमत राज्यकर्त्यांना कळते, कारण त्याच्यावाचून लढाई होत नाही. प्रश्न होता तो साध्या माणसाचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य आर. ॲडम्स काउली यांनी ‘सुवर्णतास’ हा शब्द रूढ केला. मोठा अपघात झालेल्या माणसाचे रक्त वाहत राहिले की शरीर थंड पडू लागते, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि मेंदू, मूत्रपिंड यांना प्राणवायू कमी पडतो. ही उतरंड एकदा सुरू झाली की मग उत्तमोत्तम इस्पितळाचाही इलाज चालत नाही. तो तास घड्याळाप्रमाणे नेमका साठ मिनिटांचाच असतो असे नाही. परंतु उशीर मारतो, हे त्यातील सत्य आहे. काउलींच्या आग्रहाने तेथे पोलिसांची हेलिकॉप्टरे अपघातग्रस्तांसाठी वापरली जाऊ लागली.

पश्चिम जर्मनीत मोटारी वाढल्या तसे रस्त्यांवरचे मृत्यूही वाढले. तेव्हा 1 नोव्हेंबर 1970 रोजी म्युनिकमध्ये ‘क्रिस्टोफ 1’ नावाचे हेलिकॉप्टर इस्पितळाशी जोडून उभे करण्यात आले. त्यात डॉक्टर बसू लागला. तो जागेवर पोचताच श्वासमार्ग मोकळा करतो, रक्तस्राव बांधतो, छातीत साचलेली हवा काढतो आणि मगच रोग्याला उचलतो. म्हणजे इस्पितळच रोग्याकडे चालून येते. या सेवेचा खर्च मुख्यतः आरोग्य विम्याच्या निधीतून निघतो, त्यामुळे जखमी माणसाचा खिसा कोणी चाचपीत नाही.

स्वित्झर्लंडची गोष्ट आम्हाला यापेक्षाही आवडते. तेथे 1952 साली डोंगरातील जखमींसाठी ‘रेगा’ नावाची संस्था निघाली. पैशाची अडचण आली तेव्हा तिने 1966 मध्ये सामान्य लोकांना आवाहन केले की, प्रत्येकाने वर्षाकाठी थोडी वर्गणी द्यावी. आज लाखो नागरिक तिचे वर्गणीदार आहेत आणि त्या वर्गणीच्या बळावर तिची हेलिकॉप्टरे उडतात. बंधुभगिनींनो, ही आपली युनियनचीच रीत झाली! एकट्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट सर्वांच्या चार-चार पैशांनी साधते, हे तत्त्व आल्प्सच्या शिखरावरही खरे ठरले.

आता आपल्या देशाकडे येऊ. सियाचीनच्या बर्फात 1984 पासून आपले सैन्य आहे आणि बंगलोरला बनलेली चीता जातीची हेलिकॉप्टरे तेथील आजारी जवानांना खाली आणीत आली आहेत. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलातून जखमी पोलीस हेलिकॉप्टरने नागपूरला नेले जातात. ते योग्यच आहे. पण त्याच गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि दूरच्या पाड्यांवरचा रोगी खाटेची डोली करून माणसांच्या खांद्यावरून आणावा लागतो. नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत तीच परी. लॅरेचा पहिला नियम त्या जंगलात पोचला आहे. दुसरा अजून वाटेत आहे.

कामगाराच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत विदारक पान मुंबईच्या समुद्रात लिहिले गेले. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर बाँबे हाय येथे समुद्रातून तेल काढतात. तेथील लोकांची ने-आण करण्यासाठीच 1985 साली सरकारने हेलिकॉप्टरांची कंपनी काढली. तीच पुढे पवनहंस झाली. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी, 27 जुलैला, बाँबे हायजवळ ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. त्याला उपचारासाठी न्यावयाचे होते, पण त्या हवेत हेलिकॉप्टर मिळू शकले नाही. म्हणून जहाज तेलाच्या फलाटाजवळ नेऊन त्याला क्रेनच्या पाटीतून वर घेण्यात आले. जखमी वर पोचला. मग जहाज मागे हटत असता लाटेने ते उचलले गेले आणि त्याचा हेलिकॉप्टर उतरण्याचा कठडा वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर आदळला. वायू पेटला. दोन तासांत तो अवाढव्य फलाट जळून समुद्रात गेला. 362 लोक वाचविण्यात आले. 22 मृत्यू पावले किंवा हरवले.

या घटनेत एका माणसाला सर्व दोष देण्यात अर्थ नाही. वादळी हवेत हेलिकॉप्टर उडविणे हाही जिवाशी खेळ असतो. परंतु शिकावयाचे ते हे की, हेलिकॉप्टर हे साखळीतील एक कडी आहे. ज्या दिवशी ते उडणार नाही त्या दिवशी काय करावयाचे, हे आधी ठरलेले नसेल तर दोन बोटांच्या जखमेपायी बावीस घरे उघडी पडतात. 17 मे 2025 रोजी केदारनाथला ऋषिकेशच्या एम्स इस्पितळाचे हेलिकॉप्टर रोगी आणावयास गेले असता उतरताना मोडले. आतील वैमानिक, डॉक्टर आणि परिचारक सुदैवाने वाचले. ही सेवा 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली होती आणि तिचे नाव ‘संजीवनी’. म्हणजे द्रोणागिरीच्याच मुलखात मारुतीची आठवण ठेवून सरकारने यंत्र उडविले, आणि वर्षाच्या आतच त्या यंत्राच्या मर्यादाही दिसल्या. यावरून सेवा बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. यंत्राबरोबर नियम, सराव आणि माणसे हवीत, एवढेच म्हणतो.

आता दुसऱ्या नियमाकडे, म्हणजे हक्काकडे वळू. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 45 व्या कलमाने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष सक्तीचा केला. परंतु लहान कारखान्यांत पाचशे कामगार कोठून असणार? सोलापुरातील एका यंत्रमाग कारखान्यात एका कामगाराचा हात पट्ट्यात सापडला, तेव्हा आम्ही त्याला रिक्षातून नेला. वाटेत तीन दारे ठोठावली. पहिल्याने अनामत रक्कम मागितली, दुसऱ्याने पोलिसांचा कागद मागितला, तिसऱ्याने आत घेतले. कारखान्याचे वा इस्पितळांचे नाव आम्ही घेत नाही, कारण ही कथा कोणा एकाची नव्हे. मजूर चळवळीत आयुष्य घालविलेल्या प्रत्येकापाशी अशी एक तरी आठवण असते.

अशीच कथा बंगालमध्ये न्यायालयापर्यंत गेली. 1992 च्या जुलैत तेथील शेतमजूर संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडून डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठविले. संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1996 साली न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताचा हक्क नाकारणे होय, आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला चालणार नाही. पंचवीस हजार रुपये भरपाईही देवविली. लक्षात घ्या, लॅरेचा दुसरा नियम भारताच्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे आणला तो शेतमजुरांच्या युनियनने!

त्यानंतर पावले पडत गेली. 26 जानेवारी 2014 रोजी महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तीत डॉक्टरही ठेवण्यात आले. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात ‘सुवर्णतास’ हा शब्द आला आणि जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाला संरक्षण मिळाले. 5 मे 2025 पासून रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली. हे हक्क कागदावर आहेत. ते मागून घ्यावयाचे काम आपले.

मग मंद्रूपने काय करावे? काही विचारी माणसे म्हणतील, आधी ग्रामीण रुग्णालयात रात्रीचा डॉक्टर, रक्त आणि भूलतज्ज्ञ द्या, मग आकाशाच्या गोष्टी करा. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. एरवीच्या दिवशी मंद्रूपहून सोलापूरला चांगली 108 ची गाडीच लवकर पोचेल. हेलिकॉप्टर बोलावून ते उतरेपर्यंत गाडी सीना ओलांडून गेलेलीही असेल. म्हणून पहिली मागणी गाडीची, आणि ती चालविणाऱ्या कंत्राटी चालकाच्या व डॉक्टरच्या पगाराची आणि विश्रांतीची. थकलेल्या चालकाच्या हाती सुवर्णतास सोपविणे बरे नव्हे.

परंतु सीना रस्त्यावर चढते त्या दिवसासाठी दुसरी मागणीही आजच करावयास हवी. ती फार खर्चाची नाही. निवडणुकीच्या दिवसांत एखादा पुढारी येणार असला की, गावात काय होते ते आपण पाहतो. एका दिवसात मैदान सपाट होते, धूळ बसावी म्हणून पाणी मारले जाते, मधोमध चुन्याने खूण काढली जाते, अग्निशामक बंब येऊन उभा राहतो. म्हणजे हेलिकॉप्टर खेड्यात कसे उतरवावे ही विद्या आपल्या शासनाला चांगली अवगत आहे. तीच जागा कायमची नेमून ठेवावी. तारा आणि झाडांपासून ती मोकळी राहावी. पुराच्या दिवसांत हेलिकॉप्टर कोणी मागवावयाचे, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरने की तहसीलदाराने, हे पावसाळ्यापूर्वी लेखी ठरावे. आणि रोगी सोलापुरात कोठे उतरवावयाचा हेही ठरावे.

सोलापूरला आकाशवाटेची किंमत माहीत आहे. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली, आणि 9 जून 2025 पासून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाले. ती चिमणी पाडणे बरोबर की चूक, हा वाद आज उकरून काढण्याचे कारण नाही. परंतु कामगार-शेतकऱ्यांनी एवढे मोल दिल्यावर त्या आकाशातून केवळ तिकीट काढणाराच जावा, आणि जळालेला, चिरडलेला, विषबाधा झालेला गरीब माणूस पुण्या-मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचविण्यासाठी ते आकाश बंद असावे, हे न्यायाचे नव्हे. ही मागणी करताना भामरागड आणि धडगाव यांचे नाव आपल्या नावाच्या आधी घालावे. त्यांची वाट आपल्यापेक्षा लांब आहे, आणि जखम मोठी त्याची पाळी आधी, हा नियम आपण पाळला तरच इतरांना सांगता येईल.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव कोणी तरी मांडावा. लिहून देण्यास आम्ही तयार आहोत.